जिन्याच्या कठड्याला लावलेला कान

आमच्या सरांना पेशंटचं तोंड नंतर दिसायचं, आधी त्याचा श्वास ऐकू यायचा. दाताचे डॉक्टर होते ते, छातीचे नव्हेत, हे आधीच सांगून ठेवते. नांदेडात यावर अजून वाद होतो. दवाखाना जुन्या गावात, एका बोळातल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, जिना अरुंद, पायऱ्या उंच, कठडा लोखंडी. दाढ ठणकत असलेला माणूस वर पोचेपर्यंत दाढ विसरायचा आणि गुडघे धरायचा. खालचा गाळा रिकामा झाला की घरमालक हात जोडायचा, "डॉक्टरसाहेब, खाली या आता. म्हातारी माणसं शिव्या देऊन राहिलीत." सर म्हणायचे, "देऊ द्या की. शिव्या देण्याइतका श्वास शिल्लक हाय म्हंजे दात काढायला हरकत न्हाई."

मी लातूरची. दाताच्या डॉक्टरकीचं शिक्षण संपवून, सर्टिफिकेटांची फाईल छातीशी धरून नोकरी मागायला गेले, तर वरच्या कठड्याला कान टेकवून एक उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा माणूस उभा. मला वाटलं, कुणा भाडेकरूंचं भांडण ऐकत असेल.

"मधल्या मजल्यावर थांबलाव का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बरं केलाव. डावी नाकपुडी बंद हाय तुमची. वाफ घ्या. उद्यापासून या."

एवढाच माझा इंटरव्ह्यू. फाईल उघडलीसुद्धा नाही. मला मनातून असा राग आला की विचारू नका. चार वर्षं रात्रंदिवस घोकलेलं सगळं बाजूला आणि माझ्या नाकपुडीवर नोकरी! पण आमच्या लातूरच्या माणसाचं असं आहे, रागातसुद्धा कामाचं सोडत नाही. दुसऱ्या दिवशी गेले. वाफही घेतली.

त्यांचं म्हणणं साधं होतं. "पेशंटचा श्वास आन् आपली हत्यारं एकाच बोळातून ये-जा करतेत. बोळ तुंबला तर मरतो तो, आपण न्हाई. म्हून बोळाची काळजी आधी, दाताची मागून." आणि बोळाची तपासणी म्हणजे जिना. जो न थांबता चढला, बोलत बोलत चढला, त्याला खुर्चीत आडवं करायला सर निर्धास्त. जो धापा टाकत आला त्याची उलटतपासणी. जो आलाच नाही, त्याच्याकडे सर स्वतः बॅग घेऊन खाली जायचे आणि रिक्षातच तोंड उघडून बघायचे. "माणूस खोटं बोलतो, फायली खोटं बोलतेत. जिना बोलत न्हाई," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवीन.

घशात काहीतरी जाईल ही त्यांची दुसरी धास्ती. तोंडात जाणाऱ्या प्रत्येक बारीक वस्तूला ते दोरा बांधायचे. सुई, क्लिप, दातावर बसवायची टोपी, सगळ्यांना दोरा, आणि दोऱ्याचं टोक पेशंटच्या गालावर चिकटवलेलं. लोक बाहेर येताना मिश्या फुटलेल्या उंदरांसारखे दिसायचे. पुढे ही सवय खुर्चीबाहेर आली. चष्म्याला दोरा, पेनाला दोरा, स्कूटरच्या किल्लीला दोरा. एकदा बायकोच्या नथीला बांधायला निघाले होते, तेव्हा घरात काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. दोन दिवस डबा मात्र आला नाही.

डब्याचेही नियम. खाताना बोलायचं नाही आणि हसायचं तर मुळीच नाही. शेंगदाण्याची चटणी मराठवाड्यात जेवणात नसली तर जेवण कसलं? पण सरांना दाणा दिसला की श्वासनलिकाच दिसायची. आणि गंमत अशी, की हा नियम करणारा माणूस स्वतः भलता विनोदी. घास चावता चावता एकेक किस्सा सांगायचे आणि आम्ही फुटलो की ओरडायचे, "हसू नका! मरताव का?" आमच्या शांताबाई, म्हणजे खुर्चीपाशी मदतीला असलेल्या बाई, शेवटी भिंतीकडे तोंड करून जेवायला लागल्या.

आणि तालीम! आठवड्यातून एकदा सर कुठल्याही क्षणी मरायचे. हो, मरायचेच. बोलता बोलता गळा धरायचा, डोळे पांढरे करायचे आणि खुर्चीत कोसळायचं. मग मी ऑक्सिजन, रिसेप्शनवरची पोरगी ॲम्ब्युलन्सला फोन, आणि सर्वांत अवघड काम शांताबाईंना: नातेवाईक आवरणे. आमच्याकडे दात दाखवायला कुणी एकटं येत नाही. काका येतो, आत्या येते, शेजारचा रिकामा आहे म्हणून तोही येतो. आणि कुणाला घेरी आली की एकजण कांदा फोडतो, दुसरा चप्पल हुंगवतो आणि तिसरा तोंडात तांब्या ओततो. त्यासाठी सरांनी भिंतीवर पाटी रंगवून घेतली होती: 'शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालणाऱ्याची अक्कलदाढ मोफत काढण्यात येईल.' एकदा अशीच तालीम चालू असताना भोकरचा एक पेशंट दारात आला. त्यानं खुर्चीत डॉक्टर मेलेला आणि तीन बायका त्याच्यावर ओणवलेल्या बघितल्या. "आगं माय गं!" करून तो जिना उतरला. त्याची दाढ बहुतेक अजून तोंडातच असेल.

मी चिडून म्हटलं, "सर, अशानं पेशंट पळतात."

सर उठून मिशी नीट करत म्हणाले, "पळाला ना? म्हंजे श्वास उत्तम हाय."

आता वाटेल की हा माणूस निव्वळ विक्षिप्त. तर एक प्रसंग सांगते. कंधारकडचे एक पैलवान आले होते. मान माझ्या कमरेएवढी. जिना असा चढले की इमारत हादरली. सर खूश. पण इंजेक्शनची सुई दिसताच पैलवानांचा श्वास भराभरा सुरू झाला, बोटं आखडली, ओठांना मुंग्या आल्या आणि ते रडवेले होऊन म्हणाले, "डॉक्टर, म्या चाललो. पोरांना सांगा." मी ऑक्सिजनकडे धावले. सरांनी हातानंच थांबवलं. जमिनीवर मांडी घालून पैलवानांपाशी बसले, त्यांचा पंजा आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "चहा बशीत पिताव का कपात?"

"ब... बशीत."

"मग ही बशी धरा. चहा लई गरम हाय. फुंका. हळू फुंका, सांडंल. आता घोट घ्या नाकानं. परत फुंका."

तो एवढा मोठा माणूस रिकाम्या ओंजळीत फुंकत बसला आणि थोड्या वेळात त्याची बोटं सैल झाली. भीतीनं वाढलेला श्वास होता, दुसरं काही नव्हतं. सरांनी ते कुणाला कळू दिलं नाही. बाहेर बसलेल्या भाच्यांना सांगितलं, "मामांना जरा उष्णतेचा त्रास झाला." तेव्हापासून मला हा माणूस आवडायला लागला, कबूल करते.

या सगळ्या व्यवस्थेला एकच शत्रू होता आणि तो मधल्या मजल्यावर राहत होता. चाचा. बायकांचे कपडे शिवायचे, पिढ्यान् पिढ्या याच गल्लीत. दुकानाबाहेर त्यांनी एक बाक टाकला होता आणि बाकाशेजारी पाण्याचा माठ. धापा टाकणारा माणूस दिसला की चाचा मशीन थांबवायचे, त्याला बसवायचे, पाणी द्यायचे, वारा घालायचे. झालं! माणूस ताजातवाना होऊन वर यायचा आणि सरांचा जिनाही खोटं बोलायचा. सर तणतणत खाली जायचे.

"चाचा, तो बाक उचला! तुमचं पुण्य माझ्या पेशंटच्या जिवावर उठून राहिलं."

"अरे डाक्टरसाब, बुढ्ढी औरत हाँप रही थी. मैं बोल्या बैठो अम्मा, पानी पिओ. इसमें क्या गुनाह किया मैं?"

"बैठाओ मत! हाँपने दो!"

"तोबा तोबा. प्यासे को पानी नक्को बोलना? तुम डाक्टर हैं या कर्बला का पानी रोकनेवाला यजीद?"

शेवटी तह झाला. बाक राहील, माठ राहील, पण कुणी बसलं की चाचांनी वर हाक द्यायची. तेव्हापासून आमच्याकडे दिवसभर खालून आवाज यायचा, "डाक्टरसाब, एक बैठ्या! मोटा हैं!" आणि सर त्या मोट्याची वाट बघत स्टेथोस्कोप घेऊन दारात उभे.

सरांना एका गोष्टीचा अभिमान होता. इतक्या वर्षांत त्यांच्या खुर्चीत कुणाचा श्वास अडकला नव्हता. हे ते पेशंटला सांगायचे, औषध कंपनीच्या पोरांना सांगायचे, लातूरला डॉक्टरांचं संमेलन असलं की माइक ओढून घेऊन सांगायचे. लोक कंटाळायचे, पण नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती, कारण ते खरं होतं.

एका शुक्रवारी दुपारी नायगावकडच्या तीन बायका आल्या. एक लग्न ठरलेली मुलगी, तिची आई, आणि तिची होणारी सासू. मुलीचा पुढचा दात लहानपणी पडून अर्धा तुटला होता आणि सासूबाईंची अट होती की लग्नाआधी त्यावर टोपी बसवा, फोटोत बरं दिसत नाही. लग्न पुढच्या महिन्यात, पत्रिका वाटून झाल्या होत्या. चाचा त्या वेळी जुम्म्याच्या नमाजला गेले होते. बाक मात्र जागच्या जागी होता. सासूबाई शरीरानं स्थूल. त्या बाकावर टेकल्या, त्यांच्यासोबत बाकीच्याही टेकल्या आणि बराच वेळ बसून तिघी वर आल्या. खालून हाक आली नाही. सरांनी कठड्याला कान लावला, तिघींचा श्वास शांत. खूश होऊन म्हणाले, "या, या. दम्याबिम्याचा त्रास कुणाला?"

विचारलं मुलीला. बोलली आई. "न्हाई न्हाई! आमच्या लेकराला कधी सर्दीबी झाली न्हाई."

आईनं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असंच झटक्यात दिलं. मुलगी नुसती खाली बघत होती.

काम सुरू झालं. तात्पुरत्या टोपीचा मसाला कालवला. त्याला फार उग्र वास येतो, नाकात चढणारा. मुलगी एकदा खोकली. मग पुन्हा. मग तिच्या छातीतून बारीक शिट्टी ऐकू आली, आणि ती हातानं माझा ॲप्रन ओढायला लागली. ओठ सुकले, मान ताणली, एक शब्द बोलवेना.

सर आयुष्यभर ओरडत आलेले. त्या दिवशी त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "बसवा सरळ. तोंडातलं सगळं काढा. मसाला बाहेर न्या, खिडकी उघडा." काही आठवावं लागण्याच्या आत आमचे हात चालत होते. मी ऑक्सिजन लावला, रिसेप्शनवरच्या पोरीनं फोन फिरवला. आई "पाणी द्या, पाणी द्या वो" म्हणत पुढे झेपावली आणि शांताबाईंनी तिला कमरेला मिठी मारून मागे ओढलं.

"ही दम्याचा कोणता पंप घेती?" सरांनी आईच्या कानाशी विचारलं. "दिवसातून किती खेपा? लवकर सांगा."

आईनं एकदा लेकीकडे बघितलं आणि एकदा विहीणबाईकडे. कमरेच्या पिशवीवर तिचा हात घट्ट दाबलेला होता. पिशवीतल्या वस्तूचा आकार मला तिथून दिसत होता. लेक समोर घुसमटतेय आणि बाई पिशवी दाबून उभी! माझ्या अंगाचा असा भडका उडाला. पण खरं सांगू? तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि रडूच आलं. लेकीचा जीव आणि लेकीचं लग्न, दोन्ही एकाच मुठीत धरली होती तिनं, आणि मूठ कशी उघडावी ते तिला कळत नव्हतं.

सरांनी वाट बघितली नाही. आमचा पंप होता, रोज सकाळी खिडकीबाहेर एक फवारा मारून ते तपासायचे. त्याला प्लास्टिकची फुगीर नळी लावली आणि मुलीच्या तोंडाशी धरली. "हळू ओढ, बाळा. आता धर. सोड. घाई न्हाई कुणाला." फवारा, श्वास, पुन्हा फवारा. शिट्टी बारीक होत गेली. खांदे खाली आले. ती "आई" म्हणाली, आणि मी भिंतीला टेकले.

इतका वेळ सासूबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होत्या. आता त्यांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, काय झालं पोरीला?"

आईनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता सर फुटणार. दवाखान्यात खोटं बोलणाऱ्याला त्यांनी कधी सोडलेलं नव्हतं. सर ग्लोव्ह्ज काढत म्हणाले, "चूक माझी हाय, बाई. माझ्या मसाल्याचा वास लई जहाल. कुणाचाबी श्वास कोंडला असता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा झालं माझ्या खुर्चीत. पोरगी ठणठणीत हाय."

ज्या एका गोष्टीची फुशारकी मारत जन्म काढला, ती त्यांनी नाकावरचा घाम पुसावा तशी पुसून टाकली.

सासूबाईंनी पदर सावरला. "डॉक्टरसाहेब, तुमी दुसऱ्याला खोटं बोलून देत न्हाई म्हणतेत. सोताला तर अजिबात जमंना." आणि त्यांनी आपल्या कमरेचा बटवा सोडला. आतून निघाला निळा पंप. तसाच, आमच्या हातातल्यासारखा. "ही शिट्टी मला वळखू यायची न्हाई का? मी खाली बाकावर कामून बसले, तुमाला काय वाटलं, हौस म्हून? लग्न होऊन आले तवापासून लपवून राहिले मी. आधी गोळ्या, आता हे. गोठ्यात जाऊन घेते. घरच्यांना वाटतं, सुनेचा गुरांवर लई जीव हाय."

"गोठ्यात?" सर एवढ्या जोरात ओरडले की मुलगी दचकली. "दम्याच्या माणसानं गोठ्यात? भुसा, धूळ, शेण... जगलाव कशा तुमी?"

"देवाची कृपा."

"घेताव कसा, दाखवा बघू."

बाईंनी जीभ बाहेर काढली, जिभेवर फवारा मारला आणि गूळ गिळावा तसा गिळला. कोण शिकवणार? लपवलेल्या गोष्टीला मास्तर मिळत नाही. सर डोकं धरून खाली बसले. मग उठले आणि दोघींना शेजारी शेजारी बसवून शिकवायला लागले. हलवा, श्वास सोडा, ओठ आवळा, ओढा, धरा. आई पिशवी सोडून ढसाढसा रडत होती आणि विहीणबाई तिला म्हणत होत्या, "गप की गं. मला शिकू दे." त्याच दिवशी सरांनी दोघींना छातीच्या डॉक्टरकडे धाडलं, शांताबाईंना सोबत देऊन.

संध्याकाळी चाचांना कळलं. ते वर आले, टोपी हातात. "मैं एक जुम्मा नीचे गया, और तुम दुनिया उलट दिए." बाक उचलतो म्हणाले. सर म्हणाले, "राहू द्या." एवढंच.

लग्नाला सर गेले आणि मलाही ओढून नेलं. नायगावजवळचं कार्यालय, माणसांनी फुललेलं. सासूबाईंनी फटाके बंद केले होते, स्टेजवर धूर सोडणारं मशीन बंद केलं होतं, नवरदेवाचे मित्र तोंड पाडून फिरत होते. तरीही आचाऱ्याच्या चुलीचा धूर आत आला आणि बोहल्यावर उभ्या मुलीला खोकला सुरू झाला. आई लगबगीनं पुढे झाली. "जरा तोंड धुऊन आणते हिचं." सासूबाईंनी तिचा हात धरला. "कुठं नेती? हितंच घेऊ दे. मी बी घेते."

आणि दोघींनी, मुंडावळ्या बांधलेल्या सुनेनं आणि नऊवारी नेसलेल्या सासूनं, सगळ्या भावकीसमोर पंप काढले. सर पहिल्या रांगेत खुर्चीवर चढून ओरडले, "श्वास सोडा आधी! आता ओढा! धरा! धरा म्हणतो!" लोकांना वाटलं, मुहूर्त आला. निम्म्या मांडवानं अक्षता टाकल्या. भटजी हात हलवून "अजून नाही, अजून नाही" म्हणत राहिले.

जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा एका बाईनं सरांची बाही हळूच ओढली. बाजूला घेऊन कानात काहीतरी म्हणाली. तिच्यामागे दुसरी उभी होती. तिसरीनं लेकीला पुढे ढकललं. सरांनी एक खुर्ची खांबाच्या आडोशाला ओढली आणि पहिल्या बाईला बसवून तिच्या पाठीला कान लावला. ताट तसंच राहिलं.

मी वळून बघितलं, तर नवरीची आई पंगतीच्या मधोमध उभी. शालू खोचलेला, हातात लेकीचा पंप उंच धरलेला, आणि आवाज असा की आचारी बाहेर आला.

"कुणाच्या पोरीला दमा असंल तर इकडं आणा! माज्या लेकीला हाय, आन् तिचं लग्न झालंय!"